शेवटचा भाग तुमच्यासाठी नाही

प्रश्न : ताई, गेली आठ वर्षं मी छोट्या गटांच्या परदेशी सहली नेते. त्यातल्या एका सहलीत डोंगरातल्या एका मूळनिवासी गावात एक मुक्काम असतो. संध्याकाळी गावातले लोक वीस मिनिटांचं पारंपरिक नृत्य दाखवतात. मागच्या खेपेला कार्यक्रम संपल्यावर मी तिथल्या एका आजींना दुभाष्याकरवी विचारलं, “हा नाच एवढाच असतो का?” त्या हसल्या. म्हणाल्या, “रात्रभर चालतो. शेवटचा भाग आम्ही इथे करत नाही. तो तुमच्यासाठी नाही.” मी हे बसमध्ये सहज सांगितलं आणि वादाला तोंड फुटलं. एक गृहस्थ म्हणाले, म्हणजे आपल्याला अर्धवट, नकली माल दाखवला, पैसे परत हवेत. एक तरुण मुलगी रडवेली होऊन म्हणाली, आपल्यासारख्यांमुळेच या लोकांच्या परंपरांचा बाजार झालाय, आपण यायलाच नको होतं. मला दोघांनाही उत्तर देता आलं नाही. पुढच्या हंगामाची कार्यक्रमपत्रिका छापायला द्यायची आहे. ते गाव ठेवू की वगळू? – एक टूर लीडर

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या दोन वेळा माझंही लक्ष ‘ठेवू की वगळू’ यावरच होतं. तिसऱ्यांदा मात्र त्या आजींच्या वाक्यापाशी थांबले. देशाचं आणि गावाचं नाव मी पत्रातून मुद्दाम काढलं आहे. त्या गावाकडे उगाच बोट दाखवलं जायला नको, आणि असा वीस मिनिटांचा नाच रोज संध्याकाळी जगात कितीतरी ठिकाणी होतच असतो.

तुमच्या बसमधले ते गृहस्थ आणि ती मुलगी एकमेकांशी भांडत होते, पण दोघांच्या डोक्यातलं चित्र एकच होतं. परंपरा म्हणजे काचेच्या कपाटात ठेवलेली जुनी वस्तू. गृहस्थांना राग आला, कारण कपाट उघडून अस्सल वस्तू दाखवली नाही. मुलीला वाईट वाटलं, कारण आपण हात लावल्याने ती फुटेल. या दोन्ही विचारांत त्या आजी कुठेच नाहीत. खरं तर तुमच्या सगळ्या पत्रात ठाम निर्णय घेतलेली व्यक्ती ती एकच आहे. काय दाखवायचं आणि काय नाही, हे त्यांच्या गावाने ठरवलं आणि ते तुम्हाला हसत, स्पष्ट सांगितलं. मला विचाराल तर पत्रातली सगळ्यात चांगली बातमी तीच आहे.

हे मी कशावरून म्हणते? बालीचं उदाहरण घ्या, तिथे तुम्ही गट घेऊन गेलाच असाल. ‘चक-चक-चक’ असा घोष करत गोल बसलेल्या पुरुषांचा केचाक नाच पाहून सगळे म्हणतात, वा, किती प्राचीन! त्याला जेमतेम शंभर वर्षं होताहेत. अंगात येण्याच्या सांघ्यांग नावाच्या विधीत हा घोष असायचा. १९३०च्या दशकात वॉल्टर स्पीस हा जर्मन चित्रकार आणि बालीचे नर्तक यांनी मिळून तो घोष बाहेर काढला, त्याला रामायणाची गोष्ट जोडली आणि पाहुण्यांसाठी कार्यक्रम बसवला. आता हा नकली म्हणायचा का? तो रचण्यात बालीची माणसं होती आणि आज तीच तो नाचतात.

पुढची गोष्ट तर आणखी मजेची आहे. पेंडेट हा देवळातला, देवांच्या स्वागताचा नाच. पर्यटक वाढले तसा तो पाहुण्यांच्या स्वागतासाठी होऊ लागला, तेव्हा जाणत्या मंडळींना ते खटकलं. देवाच्या स्वागताचा नाच हॉटेलात कसा? मग खास पाहुण्यांसाठी पान्येंब्रामा नावाचा वेगळा स्वागत-नाच बसवण्यात आला. १९७१ साली तिथल्या पंडितांनी आणि कलावंतांनी एक परिषद घेऊन नाचांची तीन गटांत विभागणी केली : देवळाच्या गाभ्यातले, विधीच्या अवतीभवतीचे आणि निव्वळ करमणुकीचे. आणि झालं काय, तर पाहुण्यांसाठी बसवलेला तो पान्येंब्रामा काही नर्तकी देवळातही करू लागल्या! जिवंत गोष्टींचं हे असंच असतं, त्या आखलेल्या रेषेवरून इकडेतिकडे जातातच. पण रेष आखायला तिथे माणसं बसली होती आणि ती तिथलीच होती, हे महत्त्वाचं. एक फरकही लक्षात ठेवा. बालीचे लोक त्यांच्या बेटावर बहुसंख्य आहेत, देवळं त्यांची, परिषदा त्यांच्या. जिथे मूळनिवासी मूठभर उरले आहेत आणि जमीनही दुसऱ्याच्या नावावर आहे, तिथे अशी रेष आखणं फार कठीण जातं.

तरी लोक वाटा काढतात. अमेरिकेतले नवाहो लोक रोग्याला बरं करण्यासाठी जमिनीवर रंगीत रेतीचं चित्र काढतात आणि विधी संपला की ते पुसून टाकतात. विकायला जी चित्रं फळीवर चिकटवून केली जातात, त्यांत मुद्दाम एखादी आकृती बदललेली असते किंवा रंग उलटसुलट केलेले असतात. घेणाऱ्याला ते कळतही नाही, आणि कळायची गरजही नसते. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी पापुन्या नावाच्या वस्तीत १९७१पासून तिथल्या वडीलधाऱ्यांनी फळ्यांवर आणि मग कॅनव्हासवर रंगवायला सुरुवात केली. सुरुवातीच्या काही चित्रांत दीक्षा न घेतलेल्यांनी पाहू नयेत अशा खुणा आल्या आणि आपल्याच लोकांत नाराजी झाली. मग त्या खुणा वगळल्या गेल्या किंवा ठिपक्यांच्या जाळीखाली झाकल्या गेल्या. जगभरच्या दिवाणखान्यांत मिरवणाऱ्या त्या ठिपक्यांचं एक काम लपवण्याचंही आहे. तुमच्या आजींनी नाचाचा शेवट झाकला तो याच जातीचा प्रकार. त्यामुळे ‘नकली माल’ हा शब्द मला अजिबात मान्य नाही.

पण म्हणून मी त्या मुलीला वेड्यात काढणार नाही. ती चुकीच्या गावात रडली असेल, पण कारण खोटं नाही.

प्रशांत महासागरात वानुआतू देशात पेंटेकॉस्ट नावाचं बेट आहे. तिथे पुरुष लाकडी मनोऱ्यावर चढतात आणि घोट्याला वेली बांधून खाली झेप घेतात. याम कंदाच्या काढणीच्या सुमारास, साधारण एप्रिल ते जून, हा सोहळा होतो. त्या दिवसांत वेलीत रस असतो, ती लवचीक असते, ताण घेते. १९७४च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या राणीचा दौरा होता. पाहुणीला दाखवायला म्हणून तेव्हाच्या वसाहती अधिकाऱ्यांनी अवेळी झेपा घ्यायला लावल्या. वेली अजून तयार नव्हत्या. एकाची वेल तुटली आणि तो मेला. पर्यटनाने परंपरेचं काय होतं, याची मला माहीत असलेली सगळ्यात उघडी गोष्ट हीच. विधीची वेळ कशी ठरते? पीक, पाऊस, चंद्र, कुणाचा तरी मृत्यू. पाहुण्याची वेळ विमानाच्या तिकिटावर ठरते. दोन्हींची गाठ पडली की बहुतेकदा विधीच सरकतो, कारण पैसे विमानातून उतरतात. राणीची जागा आज तुमच्या कार्यक्रमपत्रिकेने घेतली आहे, तेव्हा ‘संध्याकाळी ७ वाजता नृत्य’ हे कोण ठरवतं ते एकदा तपासा.

थायलंडच्या उत्तरेला मान लांब दिसावी म्हणून पितळी कडी घालणाऱ्या कायान बायकांची गावं आहेत. बरीच मंडळी तिथे तिकीट काढून जातात. या बायका मुळात म्यानमारमधल्या लढायांमुळे पळून आलेल्या निर्वासित. त्यांच्यातल्या काहींना न्यूझीलंडने घर देऊ केलं, पण थायलंडकडून बाहेर पडायची परवानगी वर्षानुवर्षं मिळेना. २००८ साली संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेनेच त्यावर जाहीर नाराजी दाखवली. पर्यटकांसाठीच त्यांना अडवून ठेवलंय, असा संशय उघडपणे व्यक्त झाला. काही जणींनी निषेध म्हणून गळ्यातली कडी काढून टाकली. कडी घालणं ही परंपरा खरी आणि ती घालणाऱ्या बायकाही खऱ्या, तरी सगळा प्रकार तुरुंगासारखा. तिथे मी ‘अस्सल आहे का’ असं विचारणारच नाही. ‘यांना निघून जाता येतं का’ एवढंच विचारेन.

इथिओपियातल्या मुर्सी बायका खालच्या ओठात मातीची चकती घालतात. गाड्या येतात, कॅमेरे निघतात, फोटोमागे पैसे दिले जातात, अर्ध्या तासात गाड्या परत. ज्याचा अवतार जास्त विचित्र त्याचा फोटो आधी, हे लक्षात आल्यावर माणसं एरवी कधीच न घालणाऱ्या वस्तू अंगाडोक्यावर चढवू लागली. परंपरा मेली असं मी म्हणणार नाही. पण त्या अर्ध्या तासात कुणी कुणाशी धड बोललेलं नसतं, दोन्हीकडून फक्त घासाघीस झालेली असते. एक कबुली देऊन टाकते. तरुणपणी मीही अशाच एका गर्दीत पहिल्या रांगेत होते आणि नाचणाऱ्या बाईने माझ्याकडे पाहून हसावं म्हणून तिला हात हलवून खुणावत होते. ती हसली. ते तिच्या कामाचा भाग होतं, हे कळायला मला फार वर्षं लागली.

आता पैशाकडे येऊ, कारण खरं घोडं तिथेच पेंड खातं. तुमच्या पत्रात नाच आहे, आजी आहेत, बस आहे. पण त्या संध्याकाळचे पैसे कुणाच्या हातात पडतात त्याचा उल्लेख नाही. केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात पाहुण्यांना मसाई वस्तीत नेणाऱ्या ड्रायव्हर-गाईडांनी प्रवेशशुल्काचा मोठा वाटा स्वतःच ठेवून घेतल्याचं उघड झालं होतं. वस्तीला वाटायचं पाहुणे कंजूस आहेत, पाहुण्यांना वाटायचं आपण गावाला मदत केली. तुमचा स्थानिक एजंट काय करतो, हे तुम्हाला माहीत आहे का? रागावू नका, पण आठ वर्षं झाल्यावर माहीत असायला हवं.

याच्या उलट चित्रही आहे. न्यूझीलंडमध्ये रोटोरुआजवळच्या गरम झऱ्यांच्या भागात माओरी बायका एकोणिसाव्या शतकापासून पाहुण्यांच्या वाटाड्या आहेत. तिथल्या माओरी कला आणि हस्तकला संस्थेचा कायदा १९६३ साली झाला. पर्यटकांच्या तिकिटांतून तिथल्या कोरीवकामाच्या शाळेचा खर्च निघतो. तरुण मुलं तिथे वर्षानुवर्षं उस्तादाच्या हाताखाली लाकूड कोरायला शिकतात आणि मग त्यांचे हात माओरींच्या सभागृहांना लागतात, जिथे पर्यटक असेल-नसेल. माझ्या लेखी त्या तिकिटाचं चीज झालं. पनामातल्या गुना लोकांनी तर आपल्या बेटांवर पर्यटनाचा धंदा बाहेरच्यांनी करायचा नाही, असा नियमच केला आहे. खोली लहान असेल, पंखा चालत नसेल, पण मालक गुना असतो.

तुम्ही विचाराल, मग काही ठिकाणी जाऊच नये का? हो, काही ठिकाणी जाऊच नये. अंदमानातल्या जारवांच्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांचे ताफे जातात. जारवा बायकांना खाऊच्या बदल्यात नाचायला लावल्याची चित्रफीत २०१२ साली बाहेर आली आणि जगभर ओरड झाली. जारवांची संख्या काही शेकड्यांत आहे आणि आपल्या साध्या आजारांनीही त्यांचा जीव जाऊ शकतो. पलीकडच्या गुहा बघायच्या निमित्ताने त्या रस्त्याने जाणं आणि काच खाली करून डोळे लावून बसणं, याला मी कुठल्याही युक्तिवादाने चांगलं म्हणू शकत नाही. अशी सहल तुमच्याकडे असेल तर आज काढून टाका, पुढच्या हंगामाची वाट बघू नका.

आणि जिथे ते स्वतः ‘नको’ म्हणतात तिथेही जाऊ नये. अमेरिकेतल्या होपी लोकांचा सर्पनृत्याचा विधी बघायला शंभर वर्षांपूर्वी इतकी झुंबड उडायची की १९१३ साली माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टसुद्धा तो पाहायला गेले. आज होपी गावांत फोटो, ध्वनिमुद्रण, इतकंच काय पण वहीत रेखाटन करायलाही बंदी आहे, आणि पुष्कळ विधी बाहेरच्यांना बंदच आहेत. त्यांचं काही अडलं नाही.

ऑस्ट्रेलियातल्या उलुरूची गोष्ट मात्र त्या मुलीला जरूर सांगा. तो प्रचंड लाल खडक अनंगू लोकांना पवित्र. सरकारने २६ ऑक्टोबर १९८५ रोजी ती जमीन त्यांना परत केली आणि लगेच ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राष्ट्रीय उद्यानासाठी मागून घेतली. पायथ्याशी अनंगूंची विनंती लिहिलेली होती, कृपया चढू नका. लोक ती वाचायचे आणि चढायचे. चढताना माणसं मरायचीही, आणि आपल्या जमिनीवर पाहुणा मेला याचं दुःख अनंगू वाहायचे. २०१०च्या व्यवस्थापन आराखड्यात चढाई बंद करण्यासाठी जे निकष ठेवले, त्यांतला एक असा होता : चढणाऱ्यांचं प्रमाण एकूण पाहुण्यांच्या २० टक्क्यांच्या खाली गेलं पाहिजे. आणि ते गेलं! पाटी वाचून खालीच थांबणाऱ्या, खडकाभोवती पायी फिरून परत जाणाऱ्या साध्यासुध्या पर्यटकांमुळे गेलं. २६ ऑक्टोबर २०१९पासून चढाई कायमची बंद आहे. शेवटच्या दिवसांत चढायला रांगा लागल्या होत्या तेही खरंच, माणसाचा स्वभाव. पण ‘आपण यायलाच नको होतं’ असं म्हणणाऱ्या मुलीला हे कळायला हवं की आलेल्यांपैकी ज्यांनी ऐकलं, त्यांचंही वजन पडलं.

जपण्याबद्दल आपल्या मनात एक हट्ट असतो, तोही सोडावा लागेल. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर हैदा लोकांच्या जुन्या, ओस पडलेल्या गावात सीडरच्या लाकडाचे कोरीव मृत्युस्तंभ उभे आहेत. जागतिक वारसा म्हणून त्यांची नोंद १९८१ सालची. हैदा राखणदार तिथे उन्हाळाभर राहतात, एका वेळी १२ पेक्षा जास्त पाहुण्यांना किनाऱ्यावर उतरू देत नाहीत. पण ते स्तंभ तिथून उचलून कायमचे छताखाली न्यावेत, असं हैदांना वाटत नाही. ते कुजावेत, वाकावेत, शेवटी मातीत जावेत, हीच त्यांची रीत. पाहुणा हळहळतो, अरेरे, वाचवा! म्हणजे परंपरा वाचवायची तर परंपराच मोडावी लागेल.

मी इथे बसून उंटावरून शेळ्या हाकते आहे याची मला जाणीव आहे; पत्रिका छापायला तुम्हाला द्यायची आहे. माझं मत : गाव ठेवा. मात्र छापण्याआधी एक फेरी तुमची एकटीची होऊ द्या, गटाशिवाय, आणि दुभाषा एजंटाचा नको. नाचाची वेळ, लांबी, कोण नाचणार हे कोण ठरवतं ते विचारा. एखाद्या दिवशी गावात मयत झाली तर ते ‘आज नाही’ म्हणू शकतात का, आणि म्हटलं तर त्यांचे पैसे बुडतात का? बुडत असतील तर तो करार आधी बदला. रद्द झालेल्या संध्याकाळचेही पैसे गावाला मिळतील असं लिहून घ्या, मग त्यांचं ‘नाही’ खरं होईल. पैसे गावाच्या समितीला जातात की एका घराला, तेही कळू द्या. एका घराला जात असतील तर तिथे भांडणं पेरून तुम्ही परत येत आहात. आणि पोरं शाळा बुडवून तुमच्या बसची वाट बघत असतील तर वेळ बदला, यात चर्चेसारखं काही नाही.

पत्रिकेतले शब्दही बदला. ‘अस्सल’, ‘अनादी काळापासून’, ‘जगापासून अलिप्त’ हे शब्द मला कुठल्याही सहलीच्या जाहिरातीत दिसले की मी पान उलटते. त्या गावात मोबाईल आहेत, कर्जं आहेत, निवडणुका आहेत. सरळ लिहा : ‘गावकऱ्यांनी पाहुण्यांसाठी ठरवलेला वीस मिनिटांचा कार्यक्रम. पूर्ण विधी पाहुण्यांसाठी खुला नाही.’ हे वाचून चार नावं कमी होतील. होऊ देत.

त्या गृहस्थांना पैसे परत देऊ नका. सांगा की तुम्ही वीस मिनिटांचे पैसे भरले होते, वीस मिनिटं मिळाली. त्यांच्या घरात कुणी गेलं असताना अनोळखी माणसाने दारातून डोकावून ‘पुढचं कधी सुरू होणार’ असं विचारलं तर त्यांना कसं वाटेल, हे बसमध्ये सगळ्यांसमोर नको, चहा पिताना एकटं गाठून विचारा. तापट माणसं एकटी असली की ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

आणि आजी पुन्हा भेटल्या तर नाचाच्या शेवटाबद्दल अवाक्षर काढू नका, कितीही उत्सुकता वाटली तरी. त्यांच्या नातवंडांपैकी तो भाग कोण शिकतंय, एवढंच विचारा. काय म्हणाल्या ते मला कळवा. त्यांची परवानगी असेल तर.